बेसेल फलने कोडमधून काढताना: कोणते फंक्शन घ्यावे आणि आकडे कुठे फसवतात

प्रश्न थोडक्यात असा. एफएम सिग्नलचे साइडबँड (मुख्य वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या वारंवारता) काढायला सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला आहे. शून्य आणि एक या ऑर्डरची बेसेल फलने लायब्ररीतून घेतली, पुढच्या ऑर्डर आवर्ती सूत्राने लूपमध्ये काढल्या. मॉड्युलेशन इंडेक्स १ असताना सहाव्या ऑर्डरपासून आकडे भरकटतात. दुसऱ्या एका गणितात ऑर्डर २.५ आहे, लायब्ररीतले फंक्शन २.५ मुकाट घेते, पण उत्तर २ चे देते. तिसऱ्या ठिकाणी आय१ भागिले आय० हे गुणोत्तर ८०० या किमतीला ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडाच नाही’) येते. लायब्ररीच बिघडलेली आहे का?

लायब्ररी ठीक आहे. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर उपाय आहेत. यापुढे जे(न, क्ष) म्हणजे ‘न’ ऑर्डरचे पहिल्या प्रकारचे बेसेल फलन, वाय(न, क्ष) दुसऱ्या प्रकारचे, आणि आय, के ही त्यांची सुधारित भावंडे. लायब्ररीतल्या फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी लूपचे बघू, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. आवर्ती सूत्र असे आहे:

जे(न+१, क्ष) = (२न/क्ष) × जे(न, क्ष) − जे(न−१, क्ष)

सूत्र शंभर टक्के बरोबर आहे. तरी ते खालून वर चालवायचे की वरून खाली, यावर सगळे अवलंबून आहे. क्ष = १ घ्या आणि सहा दशांश स्थळे ठेवून हाताने करून पाहा. जे(०, १) = ०.७६५१९८ आणि जे(१, १) = ०.४४००५१. आता वर चढत जाऊ:

ऑर्डर २: २ × ०.४४००५१ − ०.७६५१९८ = ०.११४९०४ (खरे ०.११४९०३)
ऑर्डर ३: ४ × ०.११४९०४ − ०.४४००५१ = ०.०१९५६५ (खरे ०.०१९५६३)
ऑर्डर ४: ६ × ०.०१९५६५ − ०.११४९०४ = ०.००२४८६ (खरे ०.००२४७७)
ऑर्डर ५: ८ × ०.००२४८६ − ०.०१९५६५ = ०.०००३२३ (खरे ०.०००२५०)
ऑर्डर ६: १० × ०.०००३२३ − ०.००२४८६ = ०.०००७४४ (खरे ०.००००२१)
ऑर्डर ७: १२ × ०.०००७४४ − ०.०००३२३ = ०.००८६०५ (खरे ०.०००००१५)

चौथ्या ओळीपर्यंत शंका येत नाही, पाचव्या ओळीला उत्तर पस्तीस पट आणि सहाव्या ओळीला काही हजार पट चुकते. कारण असे की हेच आवर्ती सूत्र वाय ला सुद्धा लागू पडते. ऑर्डर क्ष च्या पुढे गेली की जे झपाट्याने लहान होत जाते आणि वाय तितक्याच झपाट्याने मोठे. सुरुवातीच्या दोन आकड्यांत गोलाईची, म्हणजे पुढचे अंक सोडून दिल्याची, जी चूक आहे, तिच्यात वाय चा एक कण मिसळलेला असतो. प्रत्येक पायरीला तो कण फुगतो आणि खरे उत्तर आकसते. सुमारे सात अंकांच्या फ्लोटऐवजी सुमारे सोळा अंकांचे डबल वापरले तर हीच रड सहाव्याऐवजी दहाव्या ऑर्डरला सुरू होते, कारण जे(१०, १) हे २.६३×१०^−१० आहे आणि वाय(१०, १) उणे १२ कोटींच्या घरात. अधिक अचूक प्रकार घेऊन हा प्रश्न सुटत नाही, फक्त चार पायऱ्या पुढे ढकलला जातो.

उतरत गेले की नेमके उलटे होते. वरच्या कुठल्यातरी ऑर्डरला ० आणि तिच्या खालच्या ऑर्डरला १ असे मनाला येईल ते धरायचे आणि खाली यायचे. आता फुगतो तो जे चा अंश, वाय चा कण विरून जातो. क्ष = १ साठी आठव्या जागी ०, सातव्या जागी १ धरले तर सहाव्या जागी १४ येतात, मग १६७, १६५६, १३०८१, ७६८३०, २९४२३९ आणि शून्याव्या जागी ५११६४८. हे सगळे आकडे एकाच अज्ञात गुणकाने मोठे आहेत. तो गुणक काढायला जे(०) + २×[जे(२) + जे(४) + जे(६) + …] = १ ही ओळख वापरायची: ५११६४८ + २×(७६८३० + १६५६ + १४) = ६६८६४८. याने भागले की शून्याव्या ऑर्डरला ०.७६५१९७८ (खरे ०.७६५१९७७), पाचव्याला ०.०००२४९७५८ (खरे तेच) आणि सहाव्याला ०.००००२०९३७८ (खरे ०.००००२०९३८३) मिळते. निव्वळ पूर्णांकांचे गुणाकार, बेरीज-वजाबाकी आणि शेवटी एक भागाकार! उरलेली चूक कुठून आली तेही दिसते: बेरजेत २×जे(८, १), म्हणजे सुमारे १.९×१०^−७, धरलेच नव्हते. शून्याव्या ऑर्डरच्या उत्तरातली सापेक्ष चूक बरोब्बर तेवढीच आहे. ही युक्ती जे. सी. पी. मिलर यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश असोसिएशनच्या छापील कोष्टकांचे काम करताना त्यांनी ती रुजवली.

हे स्वतः लिहायचेच असेल तर सुरुवात किती वरून करायची? डबलसाठी हा अंदाज पुरतो: हवी असलेली सर्वांत मोठी ऑर्डर आणि क्ष यांतला मोठा आकडा म, सुरुवात म + √(१६०म) + १० पासून. ऑर्डर मोठी आणि क्ष लहान असेल तर उतरताना आकडे डबलची १०^३०८ ची मर्यादाही ओलांडतात. म्हणून आकडा १०^१०० च्या वर गेला की चालू दोन्ही किमती, आतापर्यंत साठवलेली सगळी उत्तरे आणि चालू बेरीज अशा साऱ्यांना १०^−१०० ने गुणायचे. यातले बेरजेचे गुणणे लोक विसरतात, आणि मग उत्तर चुकते ते थेट १०० घातांनी. क्ष = ० वेगळे हाताळायचे, नाहीतर शून्याने भागाकार होतो.

ऑर्डर क्ष पेक्षा लहान असेपर्यंत वर चढायला हरकत नाही. क्ष = ५० असेल तर पन्नासाव्या ऑर्डरपर्यंत चढती पद्धत ठीक चालते. आणि वाय साठी चढतीच पद्धत योग्य, कारण तिथे फुगणारे फलन हेच आपले उत्तर असते. के चे तसेच, ते चढत काढायचे. आय चे जे सारखे, उतरत.

पण एकाच ऑर्डरचा आकडा हवा असेल तर हे काही लिहू नका. युनिक्सच्या गणित-लायब्ररीत ‘जेएन’ आहे आणि ते हा सगळा विचार आतच करते. जीलिबसीमधले (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतले) जेएन सन कंपनीच्या १९९३ च्या एफडीलिबएम या कोडवर आधारलेले आहे. ऑर्डर क्ष पेक्षा मोठी नसेल तर ते वर चढते. मोठी असेल तर सतत अपूर्णांकाने (छेदात पुन्हा अपूर्णांक अशा साखळीने) सुरुवात ठरवून खाली उतरते. क्ष अगदीच चिमुकला असेल तर श्रेणीचे पहिले पद वापरते. खाली आल्यावर गुणक काढायला ते मिलरची बेरीज घेत नाही, जे० शी तुलना करते. इथे एक बारकी गोम आहे: क्ष जर जे० च्या शून्यबिंदूजवळ असेल तर ती तुलना निरर्थक होते. म्हणून जीलिबसीमध्ये जे० आणि जे१ यांपैकी शून्यापासून जास्त दूर असलेले फलन घेतले जाते. दोघांचे शून्यबिंदू कधीच एका जागी येत नाहीत, त्यामुळे एक तरी नेहमी हाताशी असते. स्वतःच्या कोडमध्येही ही काळजी घ्या.

शून्यापासून शंभरापर्यंत सगळ्याच ऑर्डर हव्या असतील तर मात्र जेएन शंभर वेळा बोलावणे वाया जाते, कारण प्रत्येक वेळी ते पुन्हा वरून खाली येते. एकदाच उतरून सगळी रांग भरणारी फंक्शने तयार आहेत: जीएसएल या सी च्या वैज्ञानिक लायब्ररीमध्ये ‘जीएसएल_एसएफ_बेसेल_जेएन_अ‍ॅरे’, आणि फोर्ट्रान २००८ मध्ये ‘बेसेल_जेएन’ ला पहिली ऑर्डर, शेवटची ऑर्डर आणि क्ष असे तीन आकडे दिले की सरळ अ‍ॅरे परत येतो. साइडबँडच्या कामाला हेच घ्यावे.

साइडबँडची उत्तरे पडताळायला एक सोपी कसोटी आहे. एकूण शक्ती १ धरली तर जे(०)² + २×[जे(१)² + जे(२)² + …] = १. एफएम प्रसारणात ७५ किलोहर्ट्झ विचलन आणि १५ किलोहर्ट्झचा सूर घेतला तर इंडेक्स ५ होतो. तिथे वाहक −०.१७७६, मग क्रमाने −०.३२७६, ०.०४६६, ०.३६४८, ०.३९१२, ०.२६११, ०.१३१०, ०.०५३४, ०.०१८४ असे साइडबँड येतात. सहाव्यापर्यंतची बेरीज ०.९९३६ भरते, आठव्यापर्यंतची ०.९९९९. कार्सनच्या नियमाने बँडविड्थ काढताना इंडेक्स अधिक एक, म्हणजे सहाच साइडबँड का धरतात, ते इथे आकड्यांत दिसते. ही कसोटी पुरेशी नाही हेही लक्षात ठेवा. वर्ग केल्यामुळे चिन्हाची चूक तिला दिसत नाही, आणि शेपटीकडच्या लहान किमती साफ चुकल्या तरी बेरजेवर परिणाम होत नाही. मिलरच्या साध्या बेरजेची ओळख तर कसोटी म्हणून निरुपयोगी, कारण उत्तरे तिनेच जुळवलेली असतात. खरी कसोटी जे आणि वाय दोघांना एकत्र बांधणारी:

जे(न+१)×वाय(न) − जे(न)×वाय(न+१) = २/(पाय×क्ष)

क्ष = १, न = ० ला डावी बाजू ०.६३६६२० येते, उजवी २/पाय म्हणजे तेवढीच.

आता २.५ ऑर्डरचे. सी मधल्या जेएन ची पहिली जागा पूर्णांकाची आहे. तिथे २.५ दिले की कंपायलर त्याचा २ करतो आणि इशाऱ्याचा पर्याय वेगळा चालू केला नसेल तर चकार शब्द काढत नाही. जे०, जे१, जेएन, वाय०, वाय१, वायएन एवढाच संच सी च्या बाजूला आहे, आणि तोही सी च्या मूळ मानकात नाही, पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकात आहे. म्हणून ‘-एसटीडी=सी११’ असा कडक पर्याय लावला की हेडर ही नावे लपवते. जुने कंपायलर अशा वेळी फंक्शन इंट परत करते असे गृहीत धरायचे आणि कचरा छापायचे. जीसीसी कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून ही सरळ चूक ठरते. ‘जीएनयू११’ लावा किंवा हेडरच्या आधी ‘_एक्सओपन_सोर्स’ ची व्याख्या करा. विंडोजवर नावाआधी अधोरेखा लागते. लिंक करताना ‘-एलएम’ आपल्या फाइलींच्या नंतर द्यायचे. आणखी एक कटकट: वाय१ नावाचा जागतिक चल केला की हेडरमधल्या वाय१ फंक्शनशी टक्कर होते. भूमितीच्या प्रोग्रॅममध्ये क्ष१, वाय१ अशी नावे सर्रास असतात, आणि नवख्याला ती चूक कशाबद्दल आहे हेच कळत नाही.

अपूर्णांकी ऑर्डरसाठी सी++१७ च्या सीमॅथ हेडरमध्ये ‘सिल_बेसेल_जे’, ‘सिल_न्यूमन’, ‘सिल_बेसेल_आय’, ‘सिल_बेसेल_के’ आहेत. ऑर्डर आणि क्ष दोन्ही ऋण नकोत, आणि ऑर्डर १२८ किंवा त्याहून मोठी असेल तर काय करायचे ते मानकाने ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे. जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ही मिळतात. मॅकवरच्या क्लँगसोबत येणाऱ्या लायब्ररीत मिळत नाहीत, म्हणून लिनक्सवर चाललेला कोड तिथे कंपाइलच होत नाही. तसेच जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांत क्ष १००० च्या पुढे गेला की ऑर्डर न बघताच दूरच्या टोकाचे सूत्र लावले जाई आणि मोठ्या ऑर्डरला उत्तर चुकायचे. कोड अनेक यंत्रांवर चालवायचा असेल तर मी सरळ बूस्ट मॅथ घेईन. ती फक्त हेडरची लायब्ररी आहे, ऋण ऑर्डर चालते, शून्यबिंदूही देते. जीएसएल घेणार असाल तर पहिल्याच ओळीत तिचा एरर हँडलर बंद करा. नाहीतर एखादे उत्तर अंडरफ्लो होण्याइतके लहान आले की अख्खा प्रोग्रॅम जागीच बंद पडतो. ‘_ई’ ने संपणारी फंक्शने वापरा. त्यांत किंमत आणि तिच्यात किती चूक असू शकते याचा अंदाज, दोन्ही मिळतात.

तुमची ऑर्डर नेमकी २.५ आहे, म्हणजे पूर्णांक अधिक अर्धा. असे असेल तर बहुधा गोलीय बेसेल फलनाची गरज आहे: जे(२.५, क्ष) = √(२क्ष/पाय) × गोलीय जे(२, क्ष). त्यासाठी सी++१७ चे ‘एसपीएच_बेसेल’ किंवा सायपाय या पायथॉन लायब्ररीचे ‘स्फेरिकल_जेएन’ थेट वापरा. साइन आणि कोसाइनची बंदिस्त सूत्रे मोहक दिसतात, पण लहान क्ष ला दगा देतात. ऑर्डर १ चे सूत्र साइन(क्ष)/क्ष² − कोसाइन(क्ष)/क्ष आहे. क्ष = ०.०००१ ला दोन्ही पदे दहा हजारांच्या आसपास आणि उत्तर मात्र ०.००००३३. सोळा अंकांतले आठ-नऊ अंक त्या एका वजाबाकीत गेले.

पायथॉनच्या मूळ मॅथ मॉड्यूलमध्ये बेसेल फलने नाहीत. सायपायचा स्पेशल विभाग लागतो. तिथले ‘जेव्ही’ कुठलीही ऑर्डर आणि संमिश्र संख्याही घेते. त्यामागे डोनाल्ड एमॉस यांच्या १९८६ च्या फोर्ट्रान कोडमधल्या पद्धती आहेत; जे० आणि जे१ ही वेगळी, वेगवान फंक्शने सेफीस लायब्ररीतून आलेली. इथला सापळा ऋण क्ष चा. पूर्णांक ऑर्डरला ऋण क्ष चालतो, अपूर्णांकीला उत्तर संमिश्र असते, म्हणून वास्तव आकडा दिला की ‘नॅन’ येते. आता ऑर्डर जर ०.१ तीस वेळा मिळवत ३ पर्यंत आणली असेल, तर ती नेमकी ३ नसते, शेवटच्या अंकांत फरक असतो. धन क्ष ला सगळे सुरळीत, ऋण क्ष ला सगळे ‘नॅन’! ऑर्डर पूर्णांक असायला हवी तिथे ती पूर्णांक प्रकारातच ठेवा. ऋण ऑर्डरबाबतही हाच घोळ: चिन्ह बदलून जे(−न) काढण्याची सोय फक्त पूर्णांकांना आहे, अपूर्णांकांना त्यात वाय चा वाटा मिसळावा लागतो. एक्सेल वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ‘बेसेलजे’ मध्ये क्ष आधी आणि ऑर्डर नंतर आहे, बाकी जवळपास सगळीकडे उलट. आणि तिथेही २.५ चा २ होतो.

तिसरे दुखणे आय१/आय० चे. आय(०, क्ष) साधारण ई^क्ष/√(२×पाय×क्ष) या चालीने वाढते. क्ष = ७०० ला ते १.५३×१०^३०२ असते आणि ७१४ च्या आसपास डबलची हद्द संपते. ८०० ला वर इन्फिनिटी, खाली इन्फिनिटी, भागाकार ‘नॅन’. खरे उत्तर मात्र अगदी सभ्य आहे: ०.९९९३७४८. उपाय म्हणजे मापांतरित रूपे, ज्यांत ई^क्ष आधीच काढून टाकलेले असते. सायपायमध्ये ‘आयव्हीई’ आणि ‘केव्हीई’, जीएसएलमध्ये नावापुढे ‘स्केल्ड’, मॅटलॅबमध्ये तिसऱ्या जागी १. गुणोत्तरात ई^क्ष दोन्हीकडून उडतो. लॉगॅरिदम हवा असेल तर लॉग(आयव्हीई) + क्ष करा. सी++१७ मध्ये अशी रूपे नाहीत. तिथे गुणोत्तर थेट सतत अपूर्णांकाने काढता येते: ग(न) म्हणजे आय(न)/आय(न−१) धरले तर ग(न) = १/(२न/क्ष + ग(न+१)). क्ष = ८०० साठी ३०० व्या ऑर्डरला ० धरून १ पर्यंत उतरा; चार ओळींचा लूप आहे, ओव्हरफ्लोचे नाव नाही. के च्या बाजूला संकट उलटे: साडेसातशेच्या आसपास ते शून्य होऊन जाते, आणि आय×के असा गुणाकार लिहिलेला असेल तर इन्फिनिटी गुणिले शून्य. तोही मापांतरित रूपांनी लिहा.

श्रेणी स्वतः मांडण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण पाठ्यपुस्तकात तीच पहिली दिसते. क्ष दोनाच्या आत असेल तर ती उत्तम. पण चिन्हे आलटून-पालटून असल्यामुळे मोठ्या क्ष ला प्रचंड पदे एकमेकांना खातात. जे(०, २०) साठी सर्वांत मोठे पद सुमारे ७६ लाख आणि उत्तर ०.१६७, सात-आठ अंक गेले. क्ष = ४० ला सर्वांत मोठे पद १.८६×१०^१५ आणि उत्तर ०.००७४ च्या आसपास. डबलमध्ये त्या पदाची गोलाईचीच चूक ०.१ च्या घरात, म्हणजे उत्तरात एकही अंक खरा नाही. यामुळेच एफडीलिबएम २ च्या खाली परिमेय सूत्र वापरते आणि २ च्या वर √(२/(पाय×क्ष)) ने गुणलेले साइन-कोसाइनचे रूप. तिथेही क्ष − पाय/४ अशी वजाबाकी थेट करत नाही. साइन(क्ष) आणि कोसाइन(क्ष) वेगवेगळे काढून जोडते, म्हणजे मोठ्या क्ष चे शेवटचे अंक त्या वजाबाकीत गळत नाहीत.

मोठ्या क्ष ला लायब्ररी अचूक असली तरी आपला क्ष अचूक आहे का, हा प्रश्न उरतोच. १०^१५ जवळ दोन शेजारच्या डबल आकड्यांत ०.१२५ चे अंतर असते, १०^१६ च्या पुढे २ चे. फलनाचा पूर्ण हेलकावा साधारण ६.२८ चा. मोजमापातून आलेला इतका मोठा क्ष दिला तर उत्तराला काही अर्थ नाही, छापील अंक सोळा असले तरी.

शून्यबिंदूजवळ असेच होते. जे० चा पहिला शून्यबिंदू २.४०४८२५५५७६९५७७३, पण तो आकडा डबलमध्ये नेमका बसत नाही. तिथे उतार ०.५१९ आहे, म्हणून उत्तर १०^−१६ च्या आसपास कुठेतरी येणार, नेमके शून्य नाही. शून्याशी बरोबरीची तुलना करू नका. अशा जागी जुन्या लायब्ररींची सापेक्ष अचूकता खालावते. फ्लोटच्या रूपांत ही उणीव ठळक होती आणि जीलिबसीमध्ये ती २०२१ मध्ये दुरुस्त झाली.

शून्यबिंदूच शोधायचे असतील तर सायपायचे ‘जेएन_झीरोज’, बूस्टचे ‘सिल_बेसेल_जे_झीरो’ आहेत. हाताने करायचे तर जे० च्या स-व्या शून्यबिंदूसाठी ब = (स − ०.२५)×पाय आणि अंदाज ब + १/(८ब): पहिला २.४०९२, दुसरा ५.५२०५ (खरे २.४०४८ आणि ५.५२०१). त्यापुढे क्ष + जे०/जे१ अशी न्यूटनची एक-दोन आवर्तने पुरतात. मोठ्या ऑर्डरला हा अंदाज वापरू नका. जे(५०, क्ष) चा पहिला शून्यबिंदू ५७.१ ला आहे, पण क्ष = ५ ला त्याची किंमत १०^−४४ पेक्षा लहान असते. ‘१०^−१२ पेक्षा लहान म्हणजे सापडला’ अशी अट घातलेला प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि खोटा शून्यबिंदू हातात देतो. किमतीवर नाही, चिन्ह बदलण्यावर अट ठेवा.

जे१(क्ष)/क्ष हे रूप प्रकाशशास्त्रात आणि अँटेनात पावलोपावली येते. वर्तुळाकार छिद्राचा किंवा एकसारख्या प्रकाशित तबकडीचा आकृतिबंध (२×जे१(क्ष)/क्ष)² असतो. पहिले काळे कडे ३.८३१७ ला, त्याला पाय ने भागले की सगळ्यांना पाठ असलेला १.२२ मिळतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर तबकडीला २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर हे सूत्र लावले तर पहिला शून्य केंद्रापासून सुमारे ०.३३ अंशावर येतो. प्रत्यक्षात तबकडी कडेला मंद प्रकाशित ठेवतात, त्यामुळे शलाका थोडी रुंद असते. कोडमध्ये अडचण मधल्या बिंदूची: क्ष = ० ला शून्य भागिले शून्य, आणि चित्राच्या बरोबर मध्यभागी एक काळा ठिपका. तिथे जे१(क्ष)/क्ष साठी ०.५ ही किंमत हाताने घाला. अगदी लहान पण शून्य नसलेल्या क्ष ला काही करावे लागत नाही.

शेवटी चाचणीचे. एमपीमॅथ या हवे तितके अंक ठेवणाऱ्या पायथॉन लायब्ररीमध्ये तीस अंक ठेवून ‘बेसेलजे’ ने संदर्भ-किंमत काढता येते. मात्र २.४ हा आकडा अवतरणचिन्हांत दिला तर नेमका २.४ घेतला जातो, आणि थेट दिला तर त्याला सर्वांत जवळचा डबल. लायब्ररीला डबलच मिळणार आहे, म्हणून तुलनेसाठी दोन्हीकडे तोच डबल द्या. नाहीतर शून्यबिंदूजवळ जो फरक दिसेल तो लायब्ररीचा नसून तुमच्या चाचणीचा असेल. चाचणीत निदान ही चार ठिकाणे हवीत: क्ष = ०, ऑर्डर क्ष पेक्षा खूप मोठी (जे(२०, १) = ३.८७३५×१०^−२५ घ्या), एक शून्यबिंदू, आणि क्ष मोठा. पहिल्या दोन ठिकाणी सापेक्ष फरक तपासा, शून्यबिंदूजवळ निरपेक्ष. मोठ्या क्ष ला फरक √(२/(पाय×क्ष)) च्या तुलनेत मोजा, कारण तिथे फलनाची उंचीच तेवढी असते.